गणितसारसंग्रहकार महावीराचार्य : समान वाटणीचे शास्त्रकार

भारतीय गणिताच्या इतिहासाचा विषय निघाला की आर्यभट, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य ही तीन नावे आपल्या ओठांवर सहज येतात. या मालिकेत, ब्रह्मगुप्तानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी आणि भास्कराचार्यांपूर्वी तीनशे वर्षे, एक चौथे नाव तितक्याच मानाने उभे आहे. ते म्हणजे ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथाचे कर्ते महावीराचार्य. भगवान महावीरांच्या नामसादृश्यामुळे आपल्यापैकी अनेकांचा येथे घोटाळा होतो. भगवान महावीर हे इसवी सनापूर्वीचे चोविसावे तीर्थंकर. तर महावीराचार्य हे नवव्या शतकात दक्षिणेत होऊन गेलेले दिगंबर जैन परंपरेतील गणितज्ञ होत. त्यांच्या विपुल कार्यापैकी एकाच अंगाचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. एखादी राशी समान भागांत कशी वाटावी, हा तो विषय. वरवर पाहता तो शाळकरी मुलाचा भागाकार वाटतो; परंतु आचार्यांच्या हाती त्याला शास्त्राचे आणि न्यायाचे रूप कसे प्राप्त झाले, हे पाहण्यासारखे आहे.

काळ आणि राजाश्रय

महावीराचार्यांनी आपल्या ग्रंथात स्वतःचे जन्मगाव, मातापिता वा गुरुपरंपरा यांपैकी कशाचाही निर्देश केलेला नाही. प्राचीन जैन ग्रंथकारांच्या ठायी स्वतःविषयी जो संकोच आढळतो, त्याला अनुसरूनच हे झाले. मात्र ज्या राजाच्या छत्राखाली हा ग्रंथ सिद्ध झाला, त्याची स्तुती त्यांनी प्रारंभी मोकळ्या मनाने केली आहे. तो राजा म्हणजे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग. त्यामुळे ग्रंथाचा काळ इ. स. ८५० च्या सुमाराचा, हे विद्वानांनी मान्य केले आहे.

राष्ट्रकूटांचे राज्य म्हणजे आजच्या महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा समान वारसा होय. तिसऱ्या गोविंदाचा पुत्र अमोघवर्ष इ. स. ८१४ च्या सुमारास लहान वयातच गादीवर आला आणि त्याने सुमारे ६४ वर्षे राज्य केले. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यामधील आजचे मळखेड. शस्त्रापेक्षा शास्त्रात अधिक रमणारा असा हा राजा होता. ‘कविराजमार्ग’ हा कन्नड भाषेतील काव्यशास्त्राचा आद्य उपलब्ध ग्रंथ त्याच्याच राजसभेत निर्माण झाला. आदिपुराणकार आचार्य जिनसेन यांना तो गुरुस्थानी मानीत असे. याच जिनसेनांनी आपले गुरू वीरसेन यांनी आरंभिलेली ‘जयधवला’ टीका शके ७५९ मध्ये, म्हणजे इ. स. ८३७ मध्ये पूर्ण केली. धर्म, काव्य आणि गणित या तिन्ही विद्या एकाच वेळी बहरलेल्या अशा वातावरणात महावीराचार्यांची लेखणी चालत होती. अमोघवर्षाची स्तुती करताना त्यांनी त्याच्या पराक्रमाइतकाच गौरव केला आहे तो एकांतपक्ष दूर सारून स्याद्वादाच्या न्यायाने बोलणारा राजा म्हणून.

ग्रंथाचे स्वरूप

ग्रंथारंभी भगवान महावीरांना वंदन करताना आचार्यांनी संख्याज्ञानाला दीपकाची उपमा दिली आहे. त्या दीपकाच्या प्रकाशात सर्व जग उजळले, अशी त्यांची कल्पना. त्यानंतर गणिताचा उपयोग कोठे कोठे होतो, याची लांबलचक सूची येते. व्यापार, पाककला, वैद्यक, संगीत, नाट्य, वास्तुविद्या, छंदःशास्त्र, व्याकरण, ग्रहांची गती, द्वीप-समुद्रांची परिमाणे असे कोणतेही क्षेत्र त्यांनी वगळलेले नाही. चराचरात जे काही आहे ते गणिताला सोडून नाही, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

संपूर्ण ग्रंथ संस्कृत पद्यात असून त्याचे नऊ अधिकार आहेत. परिभाषा, मूळ क्रिया, अपूर्णांक, प्रकीर्ण उदाहरणे, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रफळ, खात म्हणजे खोदकाम, आणि छाया म्हणजे सावलीवरून करावयाची मोजणी, असा त्याचा विस्तार आहे. पूर्वीच्या गणितज्ञांनी बहुधा ज्योतिषग्रंथात एखादा अध्याय गणिताला दिला होता. महावीराचार्यांनी मात्र ज्योतिष बाजूला ठेवून केवळ गणितालाच संपूर्ण ग्रंथ वाहिला. त्यांनी संख्यांची २४ स्थाने नावानिशी सांगितली आहेत. त्यांतील पहिले ‘एक’ आणि शेवटचे ‘महाक्षोभ’.

मूळ क्रियांच्या अधिकारात त्यांनी आठ परिकर्मे सांगितली. गुणाकार पहिला, भागाकार दुसरा. साधी बेरीज व वजाबाकी त्यांनी गणनेतच धरली नाही. ती वाचकाला येतेच, असे गृहीत धरले. म्हणजे गुणाकाराने राशी वाढविणे आणि भागाकाराने ती वाटणे, येथूनच त्यांच्या शास्त्राला सुरुवात होते.

भागाकाराची रीत

आचार्यांचा भागाकाराचा नियम अगदी थोडक्यात आहे. भाज्य वर मांडावा, भाजक त्याच्या खाली. दोहोंना ज्या समान संख्येने भाग जातो तिने दोन्ही लहान करून घ्यावे, आणि मग भागाकार करावा. या लहान करण्याला ‘अपवर्तन’ म्हणतात. राशीही त्याच प्रमाणात लहान आणि वाटेकरीही त्याच प्रमाणात कमी. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भाग बदलत नाही. आजही शाळेत आपण अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देतो ते याच न्यायाने.

त्यांनी दिलेले पहिलेच उदाहरण घेऊ. ८१९२ दीनार ६४ माणसांत वाटले, तर एकाचा वाटा किती? दोन्ही संख्या निम्म्या करीत जाव्यात. ४०९६ आणि ३२, २०४८ आणि १६, १०२४ आणि ८, ५१२ आणि ४, २५६ आणि २, शेवटी १२८ आणि १. म्हणजे प्रत्येकाला १२८ दीनार. कागदावर मोठा भागाकार न मांडता उत्तर हाती आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ नावाची संकल्पना येते. एखादी संख्या निम्मी निम्मी करीत एकापर्यंत यावयास जितक्या पायऱ्या लागतात, तितके तिचे अर्धच्छेद. ८१९२ चे अर्धच्छेद १३ आणि ६४ चे ६. तेरातून सहा वजा केले की सात उरतात. आणि दोनाला सात वेळा घेऊन केलेला गुणाकार १२८ च येतो. भागाकाराच्या ठिकाणी वजाबाकीने काम भागविण्याची ही युक्ती म्हणजे आजच्या लॉगॅरिथमचे तत्त्व होय. युरोपात लॉगॅरिथमची कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध झाली. वीरसेन आणि महावीराचार्य हे एकाच राष्ट्रकूट काळाचे; एकाने सिद्धांतग्रंथाच्या टीकेत आणि दुसऱ्याने लौकिक गणितात, समान भाग करण्याच्या याच विद्येचा विचार केला.

भागाकाराच्या अन्य उदाहरणांत २७०१ सुवर्णनाणी ३७ जणांत वाटावयाची आहेत. प्रत्येकाला ७३ मिळतात. ३१,३१७ जांभळे ३९ जणांत वाटावयाची आहेत. वाटा ८०३ जांभळांचा. १४,१४१ सुवर्णनाणी ७९ वसतींना द्यावयाची आहेत. प्रत्येक वसतीला १७९. वसती म्हणजे जिनमंदिर. कानडी मुलुखात आजही आपण ज्याला ‘बस्ती’ किंवा ‘बसदि’ म्हणतो तेच. या सर्व उदाहरणांत बाकी शून्य राहते, हा योगायोग नव्हे. शिकणाऱ्याला प्रथम निःशेष भागाकाराची गोडी लागावी, या हेतूने संख्या निवडलेल्या दिसतात.

गुणाकाराच्या उदाहरणांत तर त्यांनी सौंदर्यदृष्टीचाही प्रत्यय दिला आहे. २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणले असता १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या एखाद्या मण्यांच्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते. हाच व्यवहार उलट केला की ती संख्या ४४१ समान भागांत निःशेष विभागली जाते. गुणाकार आणि भागाकार ही एकाच वाटेवरची जाणे-येणे आहेत, हे यापेक्षा सुंदर रीतीने कसे सांगावे?

केळ्यांचे ढीग आणि पांथस्थ

साधा भागाकार झाल्यावर प्रश्न अधिक गहन होत जातो. मिश्रक अधिकारात एक मनोहर उदाहरण आहे. वनाच्या शीतल परिसरात २३ थकलेले प्रवासी येऊन पोहोचतात. तेथे केळ्यांचे ६३ सारखे ढीग आहेत आणि वर आणखी ७ केळी सुटी आहेत. सर्व केळी एकत्र करून २३ जणांत समान वाटली तेव्हा एकही उरले नाही. तर एका ढिगात केळी किती?

येथे भाज्यच ज्ञात नाही. केवळ वाटणी निःशेष झाली एवढेच ठाऊक आहे. अशा प्रश्नांसाठी ‘कुट्टीकार’ नावाची रीत आहे. कुट्टणे म्हणजे बारीक करणे. मोठ्या संख्यांना परस्परांनी पुन्हा पुन्हा भागून त्या लहान करीत न्यावयाच्या, असा त्या नावातील भाव. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये या रीतीचा पाया घातला होता. महावीराचार्यांनी तिला व्यवहारातील अनेक उदाहरणांनी समृद्ध केले.

वाचकांना हे उदाहरण घरीच सोडविता येईल. ६३ मधून २३ चे दोन गट, म्हणजे ४६, वेगळे काढले की १७ उरतात. म्हणून ढिगातील केळ्यांच्या संख्येला १७ ने गुणून त्यात ७ मिळवावेत आणि येणाऱ्या संख्येला २३ ने निःशेष भाग जातो का ते पाहावे. ढिगात १ केळे धरल्यास २४, दोन धरल्यास ४१, तीन धरल्यास ५८, चार धरल्यास ७५. यांपैकी कशालाही २३ ने पूर्ण भाग जात नाही. पाच धरल्यास ९२ येतात आणि ते बरोबर २३ चे चौपट आहेत. म्हणजे प्रत्येक ढिगात ५ केळी. एकूण केळी ३१५ अधिक ७, म्हणजे ३२२. आणि प्रत्येक पांथस्थाला १४. पाचात २३ मिळविले की २८ हे पुढील उत्तर मिळते आणि असा क्रम पुढे चालत राहतो. एका प्रश्नाला अनेक उत्तरे असू शकतात, पण त्या सर्व उत्तरांत एक शिस्त असते, हे या उदाहरणातून मुलांनाही उमगेल.

न्याय्य वाटणी आणि समान वाटणी

सर्वांना सारखे देणे हीच नेहमी न्याय्य वाटणी असते असे नाही. ज्याचे श्रम अधिक वा ज्याचे भांडवल अधिक, त्याचा वाटाही अधिक. अशा प्रमाणशीर वाटणीसाठी आचार्यांनी ‘प्रक्षेप’ रीत दिली आहे. त्यांचे उदाहरण असे : १२० सुवर्णनाणी चार सेवकांत अर्धा, एकतृतीयांश, एकचतुर्थांश आणि एकषष्ठांश या प्रमाणात वाटावयाची आहेत. हे चारही अंश एकत्र केले तर एकाहून अधिक भरतात. त्यामुळे पहिल्याला सरळ निम्मे देऊन चालणार नाही.

आचार्य सांगतात, प्रथम सर्व अंशांचे छेद समान करावेत. छेद १२ घेतला की अंश ६, ४, ३ आणि २ होतात. आता छेद सोडून द्यावा आणि अंशांची बेरीज करावी. ती १५ भरते. १२० चे १५ समान भाग केले की एक भाग ८ नाण्यांचा. पहिल्या सेवकाला असे ६ भाग म्हणजे ४८, दुसऱ्याला ३२, तिसऱ्याला २४ आणि चौथ्याला १६. एकूण १२०, बाकी काही नाही.

या उदाहरणाचे मर्म फार महत्त्वाचे आहे. वाटे भिन्न असले, तरी ते ज्या भागाने मोजले तो ८ नाण्यांचा भाग सर्वांसाठी एकच आहे. विषम वाटणीसुद्धा न्याय्य व्हावयाची असेल, तर तिच्या मुळाशी समान गटच असावे लागतात. भागीदारीचा नफा असो, वडिलोपार्जित मिळकत असो वा सामाजिक निधीचा विनियोग असो, कलह उद्भवतो तो बहुधा वाटा कमी पडल्यामुळे नव्हे, तर माप सर्वांना एक न लावल्यामुळे. श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटच्या व्रताचे नाव ‘अतिथिसंविभाग’ आहे. आपल्या जवळचे योग्य रीतीने विभागून देणे, असा त्यातील ‘संविभाग’ शब्दाचा अर्थ. आचार्यांनी गणितात व्रताचा उपदेश केलेला नाही. पण विभागणी यथायोग्य कशी करावी याची रीत मात्र त्यांच्या ग्रंथात पुरेपूर सापडते.

समान छेद शोधण्यासाठी त्यांनी ‘निरुद्ध’ ही संज्ञा दिली. ज्या लहानात लहान संख्येला सर्व छेदांनी भाग जातो ती संख्या, म्हणजे आपण शाळेत शिकतो तो लघुतम साधारण विभाज्य. भारतीय गणितात त्याचा स्पष्ट नियम प्रथम त्यांनीच मांडला, असे अभ्यासक मानतात. त्याचप्रमाणे एका पूर्ण वस्तूचे, अंश एक असलेले कितीही भाग कसे पाडावेत याचीही त्यांची रीत आहे. एक वस्तू चौघांत वाटताना १/२, १/३, १/९ आणि १/१८ असे भाग केले की बेरीज बरोबर एक होते. पाच भाग हवे असल्यास १/२, १/३, १/९, १/२७ आणि १/५४.

शून्याचा प्रश्न

थोर पुरुषांचे स्मरण करताना त्यांच्या मर्यादांचाही प्रांजळपणे उल्लेख केला पाहिजे. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्यांनी तर केलाच पाहिजे. शून्याविषयी नियम सांगताना आचार्य म्हणतात की, कोणत्याही राशीला शून्याने गुणले असता शून्य येते, आणि शून्य मिळविले वा वजा केले असता राशी बदलत नाही. हे सर्व यथार्थ आहे. परंतु पुढे ते असेही सांगतात की, शून्याने भागले असताही राशी तशीच राहते. हा नियम आज मान्य नाही.

असा विचार त्यांनी का केला असावा, हे वाटणीच्या दृष्टीने पाहिल्यास समजू शकते. घेणारा कोणीच नसेल, तर ढीग जागच्या जागी राहील. लौकिक व्यवहारात हे पटणारे आहे. परंतु भागाकाराची खरी परीक्षा अशी की, वाटा आणि वाटेकरी यांचा गुणाकार केल्यावर मूळ राशी परत मिळाली पाहिजे. ८ ला शून्याने भागून ८ च येतात असे मानले, तर ८ ला शून्याने गुणल्यावर ८ परत यावयास हवेत. पण आचार्यांच्याच नियमानुसार तेथे शून्य येते. म्हणून आधुनिक गणित शून्याने भागण्याची क्रियाच निषिद्ध मानते. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे म्हटले होते, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास अशा राशीला ‘खहर’ म्हणून अनंताची कल्पना मांडली. तीन महान बुद्धी या एकाच दारापाशी थबकल्या. यावरून तो प्रश्न किती कठीण होता, हे कळते.

याउलट दुसऱ्या एका कठीण स्थळी आचार्यांची दृष्टी अचूक ठरली. ऋण संख्या ही स्वभावतःच कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. सुमारे सातशे वर्षांनी निराळ्या संख्यांची रचना करून गणितज्ञांनी त्या पलीकडचा मार्ग शोधला. पण तोवर आचार्यांचे हे विधान व्यवहारातील संख्यांसाठी अबाधित होते आणि आजही आहे.

ग्रंथाचा पुढील प्रवास

‘गणितसारसंग्रह’ दक्षिणेत शतकानुशतके अभ्यासिला गेला. पावुलूरी मल्लन यांनी त्याचा तेलुगूत पद्यानुवाद केला. तेलुगूतील तो आद्य गणितग्रंथांपैकी एक मानला जातो. पुढे हस्तलिखिते भांडारांत राहिली. १९१२ मध्ये मद्रास सरकारने प्रा. एम. रंगाचार्य यांनी संपादिलेली मूळ संहिता इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली, आणि पाश्चात्त्य विद्वानांचे लक्ष या ग्रंथाकडे वेधले गेले.

महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, या ग्रंथाचा हिंदी अनुवाद सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये जीवराज जैन ग्रंथमालेत प्रकाशित केला. अनुवादक होते प्रा. लक्ष्मीचंद्र जैन. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून ही ग्रंथमाला उभी राहिली. एका श्रावकाने आपल्या धनाचा केलेला संविभाग अशा रीतीने हजार वर्षांपूर्वीच्या गणितापर्यंत जाऊन पोहोचला. २००० मध्ये कर्नाटकातील होंबुज जैन मठाच्या ग्रंथमालेतून कन्नड अनुवादही प्रसिद्ध झाला.

उपसंहार

महावीराचार्यांचे चित्र उपलब्ध नाही, समाधिस्थळ ज्ञात नाही, चरित्रातील प्रसंग कोणी लिहून ठेवले नाहीत. त्यांची ओळख उरली आहे ती केवळ त्यांनी घातलेल्या उदाहरणांतून. त्या उदाहरणांत सेवक आहेत, पांथस्थ आहेत, व्यापारी आहेत आणि जिनमंदिरे आहेत. आणि बहुतेक ठिकाणी कोणीतरी काहीतरी कोणाला तरी देत आहे. वाटताना कोणी वंचित राहू नये आणि हिशेबात काही लपून राहू नये, एवढीच अपेक्षा त्या उदाहरणांमागे आहे.

आपल्या पाठशाळांतील बालकांना स्तोत्रे आणि कथा आपण आवर्जून शिकवितो. त्यांच्या जोडीला केळ्यांच्या ६३ ढिगांचे हे उदाहरण एकदा फळ्यावर मांडून पाहावे. उत्तर शोधता शोधता त्यांना गणिताची गोडी लागेल, आणि अकराशे वर्षांपूर्वी आपल्याच परंपरेतील एका आचार्याने हा प्रश्न घातला होता, हे कळल्यावर तिचे मोलही वाढेल. समान मापाने वाटावे आणि बाकी शून्य राहीपर्यंत हिशेब करावा, हा धडा देणाऱ्या या थोर गणितज्ञास आमचे विनम्र अभिवादन.